पारसिकच्या डोंगराचा थोरला भाऊ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत उत्तर सैबेरियातल्या पुतोराना पर्वताचे छायाचित्र होते. खाली ओळ: ‘बर्फाने ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या पायऱ्या’. चौतीस वर्षे भूगोल शिकवला, गप्प बसवेना.

तो ग्रॅनाइट नव्हे, बेसॉल्ट. आपला काळा पाषाण! आणि पायऱ्या बर्फाने कोरलेल्या नाहीत. लाव्हा थरावर थर पसरत गेला; पुढे कठीण थरांचे कडे उरले, मऊ थर झिजून उतार झाले. खात्री करायची तर दिव्याहून ठाण्याला येताना मुंब्र्याजवळ खिडकीतून वर पारसिकच्या डोंगराकडे बघा. कडा, झाडीचा पट्टा, पुन्हा कडा. (लोकलने या. लांब पल्ल्याची गाडी बोगद्यातून डोंगराच्या पोटातूनच नेते.) असल्या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तेही पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरून.

माझ्या टेबलावर पारसिकच्या खडीच्या खाणीतला एक दगड आहे, एका विद्यार्थ्याने आणून दिलेला. फोडला तेव्हा आत खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक निघाले. लाव्हातला वायू निघून गेला, मागे पोकळी राहिली, तिच्यात पाणी मुरून हे झिओलाइट तयार झाले. सैबेरियाच्या लाव्हातही ते सापडतात.

वयाने मात्र तो डोंगर पुष्कळ थोरला. आपला दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला 25 कोटींच्या आसपास. उंचीत काही फार फरक नाही. तिथले सर्वोच्च शिखर 1700 मीटरच्या घरात, म्हणजे 1646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा जेमतेम वर.

बर्फाने केले ते निराळेच. हिमनद्यांनी दऱ्या खरवडून खोल केल्या, त्यांत बोटांसारखे लांबट तलाव साठले. सह्याद्रीवर हिमनदी आली नाही, म्हणून इतका पाऊस कोसळूनही तसला एक तलाव आपल्या वाट्याला नाही. पाणी हवे तर धरण बांधा. तिथे दऱ्यांत लार्चची झाडे, वर टुंड्रा, माथ्यावर उघडा दगड, आणि मधून रेनडिअरच्या कळपांची स्थलांतराची वाट. युनेस्कोने 2010 मध्ये पुतोरानाला जागतिक वारसा ठरवले, पश्चिम घाटाला 2012 मध्ये.

दुरुस्ती छापाल तेव्हा चित्रातला तलाव कोणता तेही कळवा. मला तो लामा तलाव वाटतो, पण चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे छापलेत.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, नौपाडा, ठाणे