ड्रोनला दिसत नाही ते वेंगुर्लं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेंगुर्ल्यात गेली चौदा वर्षं मी राहत्या घराच्या चार खोल्या पाहुण्यांना देते. जेवण माझ्या हातचं. मे महिन्यात आणि नाताळात जागा नाही म्हणून लोक परत जातात आणि मृग लागला की गणपतीपर्यंत खोल्यांना कुलूप. गाद्यांना कुबट वास धरू नये म्हणून एकेक रात्र मीच एकेका खोलीत झोपते. पर्यटनवाढीसाठी जाहिरातीवर किती खर्च करायचा, याची चर्चा जिल्ह्यात पुन्हा सुरू आहे. त्यातले थोडे पैसे इथे लघुपट करणाऱ्या मुलांना दिले तर काय होऊ शकतं ते मी माझ्या पडवीत बसून पाहिलंय, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी ऐन आषाढात सात मुलं माझ्याकडे आली. त्यात एक मुलगी आपल्या उभादांड्याची, एक मुलगा कुडाळचा, बाकीची पुण्या-मुंबईची. त्यांना अर्ध्या तासाचा लघुपट करायचा होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, त्या दिवसांतली एका खलाशाच्या घरची गोष्ट. बावीस दिवस राहिली. त्यातला आवाजाचं काम करणारा मुलगा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. काठीला बांधलेला माइक धरून पडवीच्या कडेला तासभर उभा राहायचा. मी विचारलं, बाबू, काय करतोस रे? म्हणाला, ‘काकू, पागोळ्या घेतोय. चिऱ्यावर पडतात त्यांचा आवाज वेगळा आणि घागरीत पडतात त्यांचा वेगळा.’ तीस वर्षं या घरात नांदले, तो फरक मला त्या दिवशी ऐकू आला. मिक्सरचा आवाज त्यांच्या कामात यायचा, म्हणून तेवढे दिवस वाटप पाट्यावरच वाटलं.

माणशी दिवसाला ४०० रुपये, जेवणखाण धरून. बिल झालं ६१,६०० रुपये. एरवी त्या महिन्यात माझ्या हाती काहीच पडत नाही. टाकळा आणि अळू विकायला येणारी बाई रोज माझ्या दारात थांबू लागली. खाडीतली मासळी आणणाऱ्याचं, रिक्षावाल्याचं, होडी भाड्याने देणाऱ्याचं असंच. तो पैसा गावातच फिरला.

पण मुलांचे हाल झाले. धक्क्यावरच्या एका प्रसंगाच्या परवानगीसाठी या कार्यालयातून त्या कार्यालयात अकरा दिवस गेले. कागद हाती आला त्या दिवशी उघडीप पडली होती. ज्या काळ्या आभाळासाठी ती थांबली होती ते निघून गेलं. तो प्रसंग त्यांनी गाळला. पुढे संकलनाला पैसे उरले नाहीत, म्हणून चित्रपट दीड वर्ष पडून राहिला. मग कसाबसा पुरा झाला, दोन-तीन महोत्सवांत दाखवला गेला आणि इंटरनेटवर आला. त्यानंतरच्या जुलैत नाशिकहून एका जोडप्याचा फोन. ‘त्यात त्या समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत ना, त्या तुमच्यापासून किती लांब?’ भर पावसात आली, तीन रात्री राहिली, कुळथाची पिठी तीनदा मागून खाल्ली. गेल्या पावसाळ्यात असे अकरा मुक्काम झाले. आकडा लहान आहे, पण आधी तो शून्य होता.

जाहिरातींतली ड्रोनची दृश्यं मी बघते. वरून निळं पाणी, पांढरी रेती, माडांची रांग. ते देवबागही असू शकतं, केरळही आणि थायलंडही. त्यात एकही माणूस जवळून दिसत नाही. सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला, २०२१ साली चिपीला विमानतळ झाला, तरी बहुतेक प्रवासी आमच्यावरून पुढे गोव्यालाच जातात. किनारा तिथेही आहे. माणूस आडवाटेला वळतो तो कुठल्यातरी गोष्टीपायी. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही टीव्ही मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यातला आकेरीचा वाडा बघायला लोक कुठून कुठून येत होते, हे इथल्या सगळ्यांना आठवत असेल. त्यासाठी कुणी एक फलकही लावला नव्हता. कोकण म्हणजे भुतंखेतं असं दाखवलं म्हणून आपल्याकडे लोक चिडलेही. मलाही ते आवडलं नव्हतं. आपली गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली की असं व्हायचंच. आपल्या पोरांनी सांगावी असं वाटत असेल तर त्यांच्या हाती काहीतरी ठेवायला हवं.

आणि कोकणच्या गोष्टीत ताकद आहे, हे मी अभिमानाने म्हणते. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक १९५४ साली ‘श्यामची आई’ला मिळालं, ती कोकणातल्या पोराची गोष्ट. त्यानंतर मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळायला पन्नास वर्षं लागली. तो ‘श्वास’ला मिळाला, आणि तोही कोकणातल्याच पोराची गोष्ट. ‘किल्ला’ने २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीचा पुरस्कार घेतला. त्यातही कोकणातलं गाव, पाऊस आणि एक एकटा पडलेला मुलगा. यातल्या एकाही चित्रपटात ‘आमच्याकडे या’ असं कुणी म्हणत नाही. ‘श्वास’मधल्या पोराचे तर डोळेच जाणार असतात. तरी ते बघून कोकणात यावंसं वाटलेली माणसं माझ्या ओटीवर बसून गेली आहेत.

म्हणून एक गोष्ट मी कळकळीने सांगते. पैसे द्याल तेव्हा गोष्टीत हात घालू नका. गावाचं नाव किती वेळा यावं, कुठला पुतळा दाखवावा, कुणाचे आभार मानावेत, अशा अटी घातल्यात तर पुन्हा ती जाहिरातच होईल. बंद घरं दाखवू देत, मुंबईला गेलेले मुलगे दाखवू देत. त्या मुलांच्या लघुपटात खलाशाची बायको डबा उघडते आणि त्यात तांदूळ संपत आलेले असतात, असा एक प्रसंग आहे. ‘गरिबी कशाला दाखवता’ असं इथेच कुणीतरी म्हणालं. नाशिकच्या त्या बाईला मात्र तोच प्रसंग लक्षात राहिला होता. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन तांदळाचा डबा बघून गेली.

मोठ्या बॅनरला पैसे देणं हा मार्ग नव्हे. बार्सिलोना शहराने एका नामवंत अमेरिकी दिग्दर्शकाच्या चित्रपटाला दहा लाख युरो दिले, तो २००८ साली आला, आणि जनतेचा एवढा पैसा त्यालाच का, असा वाद तिथे झाला, असं त्या मुलांनीच मला सांगितलं. आपल्याला तेवढ्या पैशाची गरजही नाही. राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं, पण ते चित्रपट पुरा होऊन त्याला दर्जा मिळाल्यावर. माझ्या पडवीतल्या मुलांना पैसा आधी हवा होता. केरळ सरकारने तिथल्या चित्रपट विकास महामंडळामार्फत स्त्री-दिग्दर्शकांना एकेका चित्रपटासाठी दीड कोटीपर्यंत रक्कम निर्मितीलाच दिली. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, आणि तिथे २००४ पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. जगभरचे चित्रपटवाले आपल्यापासून दोन तासांवर येऊन जातात.

माझी मागणी छोटी आहे. जिल्हा नियोजनाच्या पर्यटन निधीतून किंवा नगर परिषदेच्या अंदाजपत्रकातून वर्षाला दहा लाख बाजूला काढावेत आणि पाच लघुपटांना दोन-दोन लाख द्यावेत. चित्रीकरण जून ते सप्टेंबर या महिन्यांतच व्हावं, म्हणजे रिकाम्या खोल्या भरतील. निम्मी मुलं तालुक्यातली असावीत. परवानग्या एकाच टेबलावर, तीन दिवसांत मिळाव्यात. पाऊस कुणासाठी थांबत नाही. आणि पहिला खेळ वेंगुर्ल्यात, फुकट. ज्या बायकांकडून भाजी घेतली त्यांनी तो पहिल्या रांगेत बसून बघावा. कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड ज्या गावाने बघायला येण्याजोगी जागा केली, त्या गावाला हे जड नाही.

उभादांड्याची ती मुलगी आता पुण्यात एका ऑफिसात नोकरी करते. तिला पुढचा लघुपट स्वतःच करायचा आहे, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन शिरोड्यापर्यंत चालत जाणाऱ्या तिच्या आजीवर. गेल्या गणपतीत आली तेव्हा गोष्टीची वही माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, काकू, माझ्या खोलीवर गळतंय, इथे सुखरूप राहील. वही माझ्या कपाटात आहे. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडलं जाईल. त्यात या कामासाठी एक ओळ आली तर मी तिला त्याच दिवशी फोन करीन, आणि आषाढातल्या खोल्यांचं भाडं तिच्याकडून घेणार नाही.

आपली,
घरगुती निवास चालवणारी एक वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग