कुलूप लागलं तरी फाइल उघडली: एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या सगळ्या ग्रंथनोंदी नुकत्याच नव्या संगणकावर आल्या. दाखल नोंदवहीशी ताडून पाहिल्या, एकही क्रमांक गळलेला नाही. याचं श्रेय तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

१९९२ साली डेटाबेससाठी, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी साठवून शोधण्यासाठी, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, यावर कार्यकारिणीचं एकमत होत नव्हतं. डीबेस नावाचं असं सॉफ्टवेअर विकणारी अ‍ॅश्टन-टेट आदल्याच वर्षी बोरलँडने विकत घेतलेली. अ‍ॅश्टन-टेटने १९८८ मध्ये जिच्यावर खटला भरला होता ती फॉक्सप्रोवाली फॉक्स सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टकडे गेली आणि क्लिपरवाली नँटकेट कॉम्प्युटर असोसिएट्सकडे. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "आज पैसे मोजायचे आणि उद्या दुकानाला कुलूप!" तुम्ही एवढंच विचारलंत, "कुलूप लागलं, तर तुमची फाइल दुसरं कोण उघडेल?"

मग तुम्ही डीबीएफ फाइल, म्हणजे डीबेस ज्या प्रकारात नोंदी साठवतं ती फाइल, आतून उघडून दाखवलीत. सुरुवातीला शेवटच्या बदलाची तारीख, मग नोंदींची संख्या, मग प्रत्येक रकान्याचं वर्णन बत्तीस-बत्तीस बाइटांत, आणि त्यापुढे ठरावीक रुंदीच्या नोंदी सलग. लेखकाचं नाव लहान असेल तर उरलेली जागा कोरी. खोडलेल्या नोंदीपुढे नुसती तारका (*). पॅक करेपर्यंत, म्हणजे खोडलेल्या नोंदी कायमच्या काढून टाकेपर्यंत, नोंद जागच्या जागी. डीबेस, फॉक्सप्रो, क्लिपर तिघांनाही ती फाइल वाचता येत होती. आम्ही फॉक्सप्रो घेतलं, पण खरी निवड त्या फाइलची होती.

मराठीबाबतही तुम्ही हट्ट धरलात, आणि माझ्या मते तुमचं सर्वांत मोठं काम तेच. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड (संगणकात भारतीय लिप्या आणणारं कार्ड) बसवून मजकूर इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या ठरवून दिलेल्या अक्षर-क्रमांकांत, साठवायला लावलात. पुढे विंडोज आल्यावर फॉन्टच्या कोडात टंकणं सोपं वाटायचं, पण तो फॉन्ट नसला की मजकुराची खिचडी होते, हे तुम्ही पुनःपुन्हा बजावलंत. इस्की हे १९९१ चं भारतीय मानक, त्याचा तक्ता छापील. त्यामुळे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या जागतिक अक्षर-मानकात, नेताना 'ज्ञ' आणि 'र्‍य'सुद्धा शाबूत राहिले.

जवळच्याच एका वाचनालयाने रंगीत मेनूचं पॅकेज घेतलं होतं. विक्रेता गायब झाला, फाइल कुणालाच उघडेना. तिथल्या मुलींनी कार्डांवरून सगळं पुन्हा टंकलं. ते पाहून फार वाईट वाटलं.

मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची (फॉक्सप्रोच्याच नंतरच्या रूपाची) पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं, २०१५ मध्ये त्याचा आधारही संपला. आमच्याकडे कुणी घाबरलं नाही. आता एसक्यूलाइट हे डेटाबेसचं नवं सॉफ्टवेअर निवडताना तुमचाच प्रश्न आधी विचारला. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे, फाइलची रचना प्रसिद्ध आहे, कर्त्यांनी २०५० पर्यंत सांभाळण्याचा मनोदय सांगितला आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही जतनासाठी हा फाइलप्रकार शिफारशीत धरला आहे. शिवाय साध्या मजकुराची एक प्रत आम्ही दर महिन्याला वेगळी काढतो.

तुम्ही तेव्हा मानधन घेतलं नाहीत, म्हणून इतिवृत्तात तुमचं नावही आलं नाही. येत्या वार्षिक सभेत मी आभाराचा ठराव मांडणार आहे. त्या दिवशी तुम्ही यावं, ही मनापासून विनंती.

आपली कृतज्ञ,
ग्रंथपाल