उंदराची टोपी हे बक्षीस नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील एका बालवाडीच्या स्नेहसंमेलनात टोपीवाल्या उंदराची गोष्ट नाट्यरूपाने पाहण्यात आली. पोशाख नेटके होते आणि सुतळीची शेपटी लावलेला उंदीर तर ढोलकी खाली ठेवायलाच तयार नव्हता. मात्र राजाने टोपी काढून घेतल्यावर या उंदराने कान धरून माफी मागितली, पुन्हा बढाई मारणार नाही असे कबूल केले आणि प्रसन्न झालेल्या राजाने तीच टोपी त्याला बक्षीस म्हणून दिली. ‘गर्व करू नये’ हे तात्पर्यही लगोलग सांगण्यात आले.

घरोघरी थोड्याफार फरकाने सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत उंदराला कापडाचा तुकडा सापडतो, तो धोब्याकडून धुऊन, शिंप्याकडून शिवून आणि गोंडा लावून घेतो आणि राजाच्या टोपीपेक्षा आपली टोपी छान असल्याचे ढोलकी बडवत गावभर सांगतो. ही बढाईच आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण बढाई मारली म्हणून कोणाच्या डोक्यावरची वस्तू शिपाई पाठवून उचलून आणण्याचा अधिकार राजाला कुठून आला? उंदीर गयावया करत नाही. त्याच ढोलकीवर, त्याच आवाजात ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ म्हणून तो बोभाटा करतो. टोपी ठेवून घ्यावी तर भिकारी ठरतो आणि परत द्यावी तर ‘राजा मला भ्याला’ हे ऐकून घ्यावे लागते, अशा कात्रीत राजा सापडतो आणि मुले नेमकी इथेच खदखदून हसतात. टोपी परत मिळाल्यावर उंदराने राजाचे आभार मानावेत, असे माझ्या वर्गातील एकाही मुलाने कधी सुचवले नाही. ज्याची वस्तू त्याला मिळाली, त्यात आभार कसले? नव्या शेवटाने हा हक्कच नाहीसा केला आणि हिसकावून घेणाऱ्याला दाता करून टाकले.

साताऱ्यात हे व्हावे, याचे विशेष वाईट वाटते. कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आरोप ठेवला आणि दोष कबूल केल्यास गादी राहू देण्याची तयारी १८३९ साली गव्हर्नरने दाखवली होती. न केलेला गुन्हा कबूल करण्यास महाराजांनी नकार दिला, राज्य गमावले आणि १८४७ साली काशीत, पदच्युत अवस्थेतच, त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेलेले रंगो बापूजी गुप्ते, महाराज गेल्यावरही आणि १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाल्यावरही, १८५३ पर्यंत तिथे दाद मागत राहिले. जिथे खुद्द राजाने खोटी माफी नाकारली, त्या गावातल्या उंदराला कान धरायला लावणे मला तरी पटत नाही.

आणखी एक बाब ध्यानात आली. धोबी आणि शिंपी काम करायला नकार देतात, तेव्हा ‘चार शिपाई बोलवीन’ असा दम उंदीर त्यांना भरतो. तो काही साधुपुरुष नव्हे. पुढे त्याच शिपायांचा हात त्याच्या टोपीवर पडतो, ही या गोष्टीतली खरी गंमत आहे आणि मुलांशी त्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ही धमकी मात्र प्रयोगात जशीच्या तशी होती, किंबहुना सर्वाधिक टाळ्या तिलाच पडल्या. म्हणजे कष्टकऱ्याला शिपायांचा धाक घातलेला चालला, राजाला चार शब्द सुनावलेले तेवढे चालले नाहीत. बसवणाऱ्यांच्या मनात असे काही नसेलही, परंतु कात्री कुठे लागली हे समोर दिसतेच.

तरी शाळांतून आणि वाचनालयांतून ही गोष्ट सांगणाऱ्यांना विनंती आहे की, तिचा शेवट होता तसाच राहू द्यावा. लहान मुलांच्या दृष्टीने काही सुधारणा करायचीच असेल, तर उंदराने धोब्याला धुलाईचे आणि शिंप्याला शिलाईचे पैसे चुकते करावेत. त्याला माझी हरकत असणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
शनिवार पेठ, सातारा