परसातली भाजी आणि आईचा हात

ती. आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पुण्याला धाकट्याकडे गेल्यापासून लातूरच्या घराचे परस ओसाड पडले होते. यंदा मृगात मी तिथे स्वतः वाफे केले. त्याबद्दल फोनवर नीट बोलणे होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ वाण पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला सहसा बळी पडत नाही, तेव्हा भेंडीचे बी तेच घे, असे तुम्ही बजावले होते. मी मात्र घाईत बाजारातून सुटे बी आणून टोकले. श्रावणात दोन झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. ती त्याच दिवशी उपटायला हवी होती, पण त्यांना फुले लागलेली पाहून माझा हात धजावला नाही, आणि तेवढ्या अवधीत पांढऱ्या माशीने रोग जवळजवळ सगळ्या ओळीत पसरवला. निंबोळी अर्क फवारला, परंतु त्याने माशी आवरते, लागलेला रोग बरा होत नाही. याचे मला फार वाईट वाटले.

वाचलेल्या झाडांना दिवसाआड पाच-सहा भेंड्या येत, आणि तेवढ्यात चौघांची भाजी कशी व्हायची? तेव्हा आई, तुझी पीठ पेरलेली भाजी आठवली. मूठभर गवार, चार भेंड्या, दोन वांगी, जे हाती येईल ते चिरून तू बेसन पेरायचीस, नाहीतर डाळीत सोडायचीस, आणि मी तिला लहानपणी ओढाताणीची भाजी समजत असे. तू आधी परसात जायचीस आणि मग काय रांधायचे ते ठरवायचीस, हे मला इतक्या वर्षांनी कळले.

दुधीचा वेल मांडवावर चांगला चढला, पण आधी नुसती नर फुलेच आली आणि नंतर कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, म्हणून दिवेलागणीला नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, ते बारीक फळ असलेल्या मादी फुलाला हलकेच लावू लागलो. त्यानंतर सात दुधी धरले. मेथी आणि पालक बरे आहेत.

पाणी जपून वापरतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या उन्हाळ्यात बाबांनी डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर कढीपत्ता जगवला होता. त्याच झाडाची पाने आजही आमच्या फोडणीत पडतात. तशीच बादली मी मोरीजवळ ठेवली आहे.

आई, अंबाडी मात्र उत्तम आली. ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन भाजी केली, तरी ती फार आंबट झाली. पाला उकडून तू किती पिळायचीस, आणि कण्या आधी भिजवायचीस का, हे कळव. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, तुम्ही दोघे यावे, अशी आमची सर्वांची इच्छा आहे. भज्जीच्या मिश्र भाजीसाठी मेथी आपल्या वाफ्यातलीच असेल. आंबिलाचे पीठ किती दिवस आधी भिजवू, तेही सांग.

तुमचा मुलगा