तिळगूळ समारंभ : १५ जानेवारी

सप्रेम नमस्कार,

यंदाचा तिळगूळ समारंभ १५ जानेवारीला, संध्याकाळी ६ वाजता, रामबागेतल्या आपल्या सभागृहात आहे. हा सेनादिन. १९४९ साली याच दिवशी करिअप्पा भारतीय सेनेचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. महूहून काही निवृत्त जवान सहकुटुंब येणार आहेत. पहिला तिळगूळ त्यांच्या हाती. ते आले की सगळ्यांनी उभं राहावं, ही मनापासून विनंती.

नंतर गणेशोत्सवातल्या कार्यकर्त्यांचा सत्कार. भर पावसात रात्रभर मांडवाचे बांबू धरून उभी राहिलेली पोरं आपण विसरलेलो नाही.

• वड्या घरच्याच आणाव्यात, डब्यावर नाव घालून.
• येणाऱ्यांची संख्या १२ तारखेपर्यंत कळवा. पोहे-जिलबीचा अंदाज घ्यायचा आहे.

– चिटणीस