यंदाही चांदणी लावावी

ॲबर्डीन, स्कॉटलंड
१४ डिसेंबर २०२५

आदरणीय पप्पा आणि प्रिय आई,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

परवा फोनवर बोलता बोलता वहिनी म्हणाली की, आजीला जाऊन अजून वर्ष झालेले नाही म्हणून यंदा आपल्या घरी नाताळ करायचा नाही, करंज्या-चकल्या होणार नाहीत आणि माळ्यावरची कागदी चांदणीसुद्धा खाली काढायची नाही, असे पप्पांनी सांगितले आहे. त्या वेळी मी नुसते ‘बरं’ म्हणाले, कारण वॉर्डमधून हाक आली होती आणि हा विषय घाईत बोलण्याजोगा नव्हता. आज नाताळआधीच्या आगमनकाळातला तिसरा रविवार आहे, मला सुट्टी आहे, आणि इथे साडेतीनच्या आतच सूर्य मावळत असल्यामुळे दिवा लावून निवांत लिहायला बसले आहे.

पप्पा, तुमच्या निर्णयामागचे दुःख मला कळते. आजीच्या मातीला मी येऊ शकले नाही. रजा मिळाली तेव्हा सगळे होऊन गेले होते, आणि सांगलीतल्या भर पावसात भिजत उभी असलेली तुम्ही सगळी माणसे मी फोनच्या हातभर पडद्यावर पाहिली. त्यामुळे ज्या घरातले माणूस गेले त्या घरी वर्षभर सण करू नये, ही रीत ख्रिस्ती माणसाने कशाला पाळायची, असे मी कधीच म्हणणार नाही. ती आपल्या मातीची रीत आहे आणि तिच्यात गेलेल्या माणसाचा मान आहे. आजीचे माहेर साताऱ्याचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली त्याच साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता, हे ती फार अभिमानाने सांगत असे. ख्रिस्ताकडे येताना आपली भाषा, आपले अभंग आणि आपले टाळ-मृदंग मागे टाकून यावे लागत नाही, हे टिळकांकडून आपल्या लोकांना मिळाले, आणि आजीची सकाळ त्यांच्याच भजनाने उजाडत असे. तेव्हा रीत आपली आहे, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, या रितीत सण बसतो, नाताळ बसत नाही.

हा फरक मला इथे आल्यावर उमगला. माझ्या वॉर्डमध्ये नव्वदी ओलांडलेल्या एक बाई आहेत. त्यांनी मला सांगितले की, त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील २५ डिसेंबरला रोजच्यासारखे डबा घेऊन कामावर जात असत. मला ते खरेच वाटेना. मग त्यांनीच समजावले की, इथल्या धर्मसुधारणेनंतरच्या प्रेस्बिटेरियन मंडळीला, म्हणजे चर्चला, नाताळचा सण मान्य नव्हता, कारण असा दिवस पाळावा अशी आज्ञा शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठेही नाही. १६४० साली तर इथल्या संसदेने त्याची सुट्टीच कायद्याने बंद केली होती, आणि २५ डिसेंबर ही स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ साली. आपल्या मिरजेला १८९४ साली दवाखाना काढणारे डॉक्टर वॉन्लेस याच प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते, आणि त्याच दवाखान्यात आजीने आयुष्यभर नोकरी केली, म्हणून ही हकिकत मला आपल्याच घराण्यातल्या एखाद्या जुन्या गोष्टीसारखी वाटली. त्या बाईंना मी विचारले, मग तुम्ही त्या दिवशी काय करत होता? त्या म्हणाल्या की वेगळे काही नाही, रात्री जेवणानंतर वडील रोजच्यासारखे शास्त्र उघडत आणि लूकचा दुसरा अध्याय वाचत. गोडधोड नाही, रोषणाई नाही, सुट्टीही नाही, आणि तरीही त्या घरात नाताळ होता. कडकपणा जरा जास्तच होता असे मला वाटते, पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर त्या आठवणीने आलेले समाधान मी पाहिले आहे.

आता हाच लूकचा दुसरा अध्याय तुम्ही यंदा आजीच्या खुर्चीशेजारी बसून वाचा, अशी माझी विनंती आहे. गायींच्या गोठ्यापाशी आणि मेंढपाळांपाशी थांबू नका. पुढे हन्ना संदेष्ट्रीपर्यंत जा. लग्नानंतर अवघी सात वर्षे नवऱ्याबरोबर काढलेली, चौऱ्याऐंशी वर्षांची ती विधवा मंदिर सोडून कुठे जात नसे, आणि बाळ येशूला पाहून तिने देवाचे आभार मानले. आजी हा भाग वाचताना नेहमी चष्मा काढून पुसायची, हे आईला आठवत असेल. आजोबा गेले तेव्हा पप्पा नऊ वर्षांचे होते. त्या वर्षीही आजीने डिसेंबरात रात्रपाळी केली आणि सकाळी तशीच पांढऱ्या गणवेशात उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसली, असे तिनेच मला सांगितले होते. त्या वर्षी तिने काही तळले नसेल, कोणाकडे गेली नसेल, पण बाक रिकामा ठेवला नाही.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तर बेथलेहेमच्या गोष्टीतच रडणे आहे. हेरोद राजाने मुले मारली तेव्हा राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचे सांत्वन होत नाही, हे वचन जन्मकथेच्या आतच लिहिलेले आहे, बाहेर नाही. नाताळच्या कार्यक्रमांत आपण तेवढा भाग गाळतो, कारण लहान मुलांना कोण तसे करायला लावणार. पण तो भाग गाळत गेल्यामुळेच नाताळ फक्त सुखात असलेल्यांचा, असा आपला समज झाला असावा. पप्पा, ज्या घरात रडणे आहे त्या घरात हा दिवस येऊ नये असे मानले, तर पहिल्या नाताळाला बेथलेहेममध्येही जागा उरत नाही.

फराळ करू नका. आईचे मन नसेल तर कढई मुळीच चढवू नका. पण दिवाळीत शेजारच्या काकूंनी आणि समोरच्या भाभींनी, आपल्याकडे दुःख आहे म्हणून, न बोलावता फराळाचे डबे आणून दिले होते, आणि ते डबे अजून आपल्याकडेच आहेत असे वहिनी म्हणाली. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे तर आजीनेच आपल्याला शिकवले. त्यांत चार केळी घाला, बेकरीतला साधा केक घाला, आणि ते २५ तारखेलाच द्या. देताना दादाने त्या दोघींना सांगावे की, आमच्या आजीसाठी तुम्ही जे केले त्याबद्दल आम्ही आज प्रार्थनेत तुमचे नाव घेतले. आणि हे नुसते म्हणायचे म्हणून नको, आधी खरोखर नाव घ्यावे.

चांदणीचे मात्र मी हट्टाने सांगणार आहे. ती शोभेसाठी नाही. आपण दारावर लावतो ती खूण बाळ येशूला शोधत दुरून आलेल्या, रस्ता न कळणाऱ्या माणसांसाठी होती, आणि यंदा तशी माणसे आपल्याच घरात आहेत. इथे समोरच्या इमारतीत कोणी एकाने खिडकीत कागदाची साधी चांदणी लावली आहे. करड्या ग्रॅनाइटच्या त्या भिंतीत रात्रपाळीला जाताना मला तेवढीच दिसते, आणि लावणारा कोण हे ठाऊक नसतानाही मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या गल्लीतून पहाटे दूध घालायला जाणारा, एसटी पकडायला निघालेला एखादा माणूस आपल्या चांदणीकडे तसाच पाहत असेल.

२४ तारखेला माझी रात्रपाळी आहे. आपल्याकडे नऊ वाजता उपासना सुरू होते तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, आणि मी माझी विश्रांती त्याच वेळेला मागून घेतली आहे. दादाने निघण्यापूर्वी अंगणातून फोन लावावा म्हणजे मला चांदणी दिसेल, आणि मग मंडळीत पहिले गीत होईपर्यंत तो खिशात तसाच चालू ठेवावा.

गेल्या वर्षी खालची एक कामटी तडकली होती, ती सुतळीने आवळून घ्या आणि त्या बाजूला नवा पतंगी कागद लावा. होल्डर पप्पांनी स्वतः तपासावा, छोटूला हात लावू देऊ नये. खळ मैद्याचीच करा, आणि ती उतरवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकून लगेच हात धुवा, नाहीतर माळ्यावर झुरळे कागद खातात. हे दर वर्षी आजी सांगायची, म्हणून यंदा मी लिहिले.

तुमची लेक