ट्रे धुणाऱ्या हातांसाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

तालुक्याच्या गावात माझा दातांचा दवाखाना आहे. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी, शेवटची दाढ काढून झाल्यावर, आमच्या मावशींनी ट्रे धुवायला घेतला आणि रक्ताने भिजलेल्या कापसाखाली राहिलेली भुलीची सुई हातमोज्यातून त्यांच्या अंगठ्यात शिरली. त्यांनी बोट नळाखाली धरले, पदराला पुसले आणि मला सांगितले ते शनिवारी दुपारी. "एवढ्याशा टोचण्याचं काय सांगायचं, डॉक्टर?" असे त्या म्हणाल्या. सुई ट्रेमध्ये मीच सोडली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांना हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लसही दिलेली नव्हती. या दोन्ही चुका माझ्याच आहेत.

आम्हा डॉक्टरांना सुई टोचते ती बहुधा तिला पुन्हा टोपण घालताना. मदतनिसांना मात्र आम्ही मागे ठेवलेले सगळेच टोचते, हॅन्डपीसमध्ये (दात कोरायच्या यंत्रात) तसाच राहिलेला बर म्हणजे कोरणारे पाते, दात तपासायच्या एक्सप्लोररचे अणकुचीदार टोक, टाक्यांची सुई. भीती सर्वांना एचआयव्हीची वाटते, पण बाधित रक्ताची सुई टोचल्यास त्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. आणि लस आहे ती नेमकी याच आजारावर.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ही लस देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. मला आजवर सुयांच्या पांढऱ्या डब्याबद्दल विचारले गेले, मावशींच्या लसीबद्दल कोणीही नाही. दवाखान्याच्या तपासणीच्या वेळी मदतनीस आणि सफाई कामगार धरून प्रत्येकाच्या तिन्ही डोसांची नोंद मागावी, एवढी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती औषधाबद्दल. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. शनिवारी संध्याकाळी एका सरकारी रुग्णालयात आम्हाला "सोमवारी या" असे सांगण्यात आले, म्हणून रात्री दुसऱ्या शहरात जावे लागले. माझ्याकडे गाडी होती. मावशी एकट्या असत्या तर परत घरी गेल्या असत्या. हे औषध प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही मिळावे, आणि खासगी दवाखान्यातल्या कामगारालाही ते विनाविलंब द्यावे, असे परिपत्रक आपण काढावे.

आपला नम्र,
एक दंतवैद्य